लग्नाआधीचं नाव

होसकोटेहून आलेला कागद मी गिरीराजच्या दुकानात उभ्यानंच तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडखळलो. शलाकाच्या जन्माचा दाखला. आईचं नाव म्हणून जी ओळ होती तिच्यात शारदा, त्यापुढे आमच्या इकडच्या सरकारी कागदांत उर्फ या अर्थानं घालतात ते @ चं वेटोळं, आणि त्यापुढे कस्तुरी. छापील, स्वच्छ, काळं. सदतीस वर्षांत हे नाव मी कुठंही लिहिलेलं पाहिलं नव्हतं. त्याला इतकं साधेपणानं, हिरव्या शिक्क्याच्या वर चार बोटांवर बसलेलं पाहून मी नुसता चष्मा काढून पुसला. मोठ्या प्रसंगी माझ्या हातून नेहमी असंच काहीतरी किरकोळ होतं. ‘काय अण्णा, स्पेलिंग चुकलंय काय?’ गिरीराजनं झेरॉक्सच्या मशीनवरून मान वर न करता विचारलं. बसवनगुडीत त्याचं हे एका खणाचं दुकान आहे. टायपिंग, नोटरी, परदेशी जाणारे कागद. माणूस आमच्यातलाच, मराठी, तीन पिढ्या इथं कानडी मुलखात काढलेला, म्हणून मी त्याच्याकडे गेलो होतो. ‘नाही,’ मी म्हणालो. ‘मग सरी, ठीक आहे. फोटो मी शलाकाक्कांना पाठवलाय सकाळीच. त्यांनी सांगितलं होतं ना, आला की पाठव म्हणून.’ तेवढं ऐकून मात्र मी बाकावर बसलो.

शलाकाचं लग्न जर्मनीत, तिथल्या एका लहान गावच्या कचेरीत व्हायचं होतं. मार्टिन तिथलाच. ती सदतीस, तो एकेचाळीस, दोघांनाही मांडव, पंगती यांची हौस नाही; मला वाटलं होतं, किती सुटसुटीत. पण त्या कचेरीनं यादी पाठवली ती पाहून आपली सोयरीक जुळवणारी माणसं बरी असं वाटू लागलं. मुलीच्या जन्माचा दाखला मूळ नोंदीवरून नव्यानं काढलेला हवा. ती अविवाहित आहे, तिचं पूर्वी कधीही कुठल्याही पद्धतीनं लग्न झालेलं नाही, असं आईवडिलांनी दोघांनी शपथेवर लिहून द्यायला हवं. त्यात दोघांची नावं, जन्मगावं, आणि आईचं लग्नाआधीचं नाव. मग त्यावर नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा तो चौकोनी कागद चिकटवलेला. शिवाय त्यांचा एखादा वकील घरी येऊन चौकशी करून जाण्याची शक्यता. आजवर हे कधी लागलं नव्हतं. शाळेत घालताना मी लिहून दिलेलं चाललं, पासपोर्टाला शाळेचा दाखला चालला, आणि त्या सगळ्यांत शारदा एवढंच होतं. मूळ नोंद होसकोट्याला आहे हे मला ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. तिथल्या इस्पितळात कस्तुरीच्या वडिलांनी नाव सांगितलं असणार, आणि सांगताना सासरच्या नावापुढे आपण ठेवलेलं नावही घाला म्हणून आग्रह धरला असणार. ते तसे होते. हळू बोलणारे आणि हट्टी.

घरी पोचलो तेव्हा फोन नुकताच लागला होता. ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. डिसेंबरात आमच्या घरात दुसरं काही शिजत नाही. एका परातीत टरफलं, एका भांड्यात दाणे, आणि फोन तांदळाच्या डब्यावर टेकवून ठेवलेला, म्हणजे हात मोकळे राहतात. शलाकाचं तोंड पडद्यावर मोठं दिसत होतं, तिकडे अजून नीट उजाडलंही नव्हतं. ‘कस्तुरीबाई आहेत का घरात?’ तिनं विचारलं आणि हसली. मी उंबऱ्यावर उभा होतो, हातात दाखला ठेवलेली लांबट पिशवी. हिची बोटं थांबली. एक शेंग अर्धी उकललेली तशीच राहिली. मी ही बोटं पस्तीस वर्षं पाहतो आहे. भाजी चिरताना, ताप आलेल्या मुलीच्या कपाळावर, माझ्या आईची शेवटची दोन वर्षं काढताना. ती मधेच थांबलेली मी फार वेळा पाहिलेली नाहीत. मग दाणे भांड्यात पडले आणि ही म्हणाली, ‘ओ. आहे की. बोल.’

‘आई, किती गोड नाव होतं गं तुझं! मला कधी सांगितलं नाहीस. शारदा म्हणजे कसं, शाळेच्या पाटीसारखं वाटतं. बाबांनी बदललं ना? बघा बाबा, लपू नका, दिसताय तुम्ही. मी मार्टिनला सांगितलंय, मी काही बदलणार नाही, हौस असेल तर तू बदल.’ ही हसली. खरोखर हसली, खोटं नाही. शलाका पुढे सांगत होती, फॉर्मात जन्मनाव म्हणून अगदी दाखल्यावर आहे तसंच घाला, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की इथली बाई फाईल परत पाठवते, आणि एकवीस तारखेच्या आत कुरियर निघालं पाहिजे, नाही तर मार्चची तारीख गेली, मग पुन्हा कधी मिळेल देव जाणे. ‘आई, मी आता तुला कस्तुरीच म्हणणार. चालेल?’ ‘तुला काय, तू काहीही म्हणशील. जेवलीस का?’ एवढं बोलून हिनं कोपरानं फोन बंद केला, आणि दोन्ही हात पुन्हा टरफलांत घातले.

ते तेव्हाच सांगायला हवं होतं असं मी आज म्हणतो. पण ‘तेव्हाच’ म्हणावं असे क्षण माझ्या आयुष्यात इतके येऊन गेले आहेत की त्यांतला हा वेगळा कसा काढावा हे मला कळत नाही. शलाका सहा वर्षांची झाली की सांगू, असं ठरलं होतं. मग दहावी झाली की. मग माझी आई आहे तोवर नको, तिला सोसायचं नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली. आईचंही खरं तर काही चुकलं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, मला कशाबद्दलच ठामपणे म्हणता येत नाही. कस्तुरी गेली तेव्हा मूल सव्वा वर्षाचं होतं. ताप मेंदूत गेला, चार दिवसांत आटोपलं. सहा महिन्यांत आईनं दुसरी मुलगी पाहिली. पाहिली आईनंच, मी कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांची पत्रकं करत होतो, मला रजा मिळेल का एवढंच तिनं विचारलं. आठ दिवसांत लग्न. पत्रिका छापल्या नाहीत. एका देवळामागच्या खोलीत बारा-पंधरा माणसं, बिनवाजंत्रीचं. ताम्हणात तांदूळ पसरून भटजींनी माझ्या हातात अंगठी दिली, नवरीचं नवं नाव लिहा म्हणाले. मी आईकडे पाहिलं. आई माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, ‘शारदाच लिही. रेशनकार्डावर आहे, सगळीकडे आहे. पोरीला कधी कळायला नको.’ मी लिहिलं. चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं तसंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. बोटाला वळण होतं. शेजारी बसलेल्या बाईनं मान खाली घालूनच ते वाचलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून स्टोपाशी उभी राहून तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, ‘ते नाव त्यांचं होतं ना?’ मी हो म्हणालो की नुसता उभा राहिलो, आठवत नाही. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

मी एकतीस वर्षं ग्रंथालयात पत्रकं लिहिली, कप्प्यांत लावून ठेवायची ती पुस्तकांची कार्डं. एका लेखकानं दोन नावांनी लिहिलं असेल तर दोन पत्रकं करायची असा नियम आहे. खरं नाव शोधून काढायचं, आणि दुसऱ्या नावाच्या पत्रकावर त्याच्याकडे बोट दाखवायचं: पाहा अमुक. या कामात मी बरा होतो. टोपणनावांमागची नावं शोधायला मी जुने अंक चाळत बसत असे, कुणाकुणाला पत्रं लिहीत असे; एका कानडी कवीचं मूळ नाव सापडायला मला दोन वर्षं लागली आणि सापडलं त्या दिवशी मी घरी येताना कडलेकाई, भुईमुगाच्या शेंगा, घेऊन आलो होतो. हे आठवलं की मला स्वतःचीच शरम वाटते. अर्थात शरम वाटण्यानंही काही होत नाही, हेही मला आता ठाऊक आहे.

कस्तुरीला मी एकांतात कस्तुरी म्हणत असे. बाहेर शारदा. तिला ते बदललेलं नाव आवडलं नव्हतं, पण रागही नव्हता, गंमत वाटे. तुमची शारदा देवळात गेलीय, म्हणायची, येईल तासाभरात, तोवर मी आहे. ती गेल्यावर तिचे वडील दर वर्षी होसकोट्याहून बसनं येत, नातीला पाहायला. हातात पेरूंची पिशवी. फाटकाशी चपला काढून आत येत, अर्धा तास बसत, शलाकाला मांडीवर घेत आणि निघून जात. ती चार वर्षांची झाली तेव्हा तिनं विचारलं, हे कोण? त्या वर्षी आईनं त्यांना फाटकातच थांबवलं. ‘मुलीच्या मनात घोळ होतो. आता येऊ नका.’ मी आत खिडकीशी होतो. हातात पुस्तक होतं, त्यात बोट घालून ठेवलेलं, म्हणजे पान हरवू नये. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं. ते पेरू फाटकाच्या खांबावर ठेवून गेले. ते पेरू आत कोणी आणले, कापून शलाकाला कोणी खायला दिले? हिनंच. आई ओरडली तर म्हणाली, ‘फळांनी काय केलंय?’ त्या माणसाचं पुढं काय झालं मी कधी विचारलं नाही. आणि आता त्यांनी सदतीस वर्षांपूर्वी एका कारकुनाला सांगितलेला एक शब्द सरकारी शिक्क्यासकट माझ्या पिशवीत होता.

‘सही कधी करायचीय?’ हिनं विचारलं. टरफलं गोळा करून उठताना गुडघ्यावर हात टेकला. ‘परवा. गिरीराजकडे. नोटरी येतो तिथंच,’ मी म्हणालो. ‘सरी.’ ‘मी काय म्हणतो...’ ‘तुम्ही काही म्हणत नाही. तेच तर,’ ही म्हणाली आणि परात उचलून मागच्या दारानं गेली. ते दोन दिवस कसे गेले हे सांगण्यासारखं काही नाही. मी मनाशी हिशेब मांडत होतो. कागद सगळे जुळत होते. दाखल्यावर शारदा उर्फ कस्तुरी, आधारवर शारदा, शपथपत्रावर शारदा, लग्नाआधीची कस्तुरी. खोटं इतकं नीट बसत होतं की खरं सांगून त्याची घडी मोडणं हाच अपराध वाटावा. शलाकाला हवी ती तारीख मिळेल. तिची आई तिची आईच राहील. नुकसान कुणाचं? एक मेलेली, आणि दुसरीनं तर फोनवर ‘ओ’ दिलीच होती. शेवटच्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबत होतो आणि दर वेळी पुढं जात होतो. माझ्या आईचा आवाज माझ्या डोक्यात बोलतो आहे असंही मला एकदा वाटलं. पण नाही, माझाच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालतच गेलो. ही जरीच्या काठाची साडी नेसली होती, का ते मी विचारलं नाही. दुकानात रघुजी नोटरी काळा कोट घालून आधीच येऊन बसले होते, समोर शिक्क्यांची पेटी. ‘या अक्का, बसा. फॉरिनचा जावई, आता काय, स्वेटर विणायला घ्या,’ गिरीराज म्हणाला. ‘त्याला स्वेटर कशाला? तिकडे मिळत नाहीत काय?’ ‘आईनं विणलेला कुठं मिळतो?’ गिरीराजनं मजकूर आधीच टाईप करून ठेवला होता, शलाकानं पाठवलेल्या नमुन्यावरून, इंग्रजीत. तो पुढं सरकवून म्हणाला, ‘इथं अण्णा, इथं अक्का.’ मी सही केली. मग पेन हिच्या हातात दिलं. ‘काय लिहिलंय ते सांगा,’ ही म्हणाली. ‘काही नाही अक्का, नेहमीचं.’ ‘तरी सांगा.’ गिरीराजनं माझ्याकडे पाहिलं आणि कागद उचलून मराठीत सांगू लागला. ‘मी शारदा, लग्नाआधीची कस्तुरी, शलाका हिची जन्मदाती आई, शपथेवर सांगते की...’

‘शपथ म्हणजे खरंच घ्यायची?’ हिनं रघुजींना विचारलं. रघुजी हसले. ‘घ्यायची म्हणजे सही करायची, अक्का. शिक्का मी मारतो, पाप माझ्याकडे.’ ही हसली नाही. तिनं पेनचं टोपण शोधलं, पेनला लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं. ‘हे नाव माझं नाही.’ बाहेर कोणीतरी ऑटोवाल्याशी घासाघीस करत होतं ते स्पष्ट ऐकू आलं. ‘शारदा चाललं,’ ही म्हणाली, आणि मला वाटतं ती त्या दोघांशी नव्हे, माझ्याशीही नव्हे, टेबलाशी बोलत होती. ‘ते ह्यांनी दिलं होतं. दोघींना दिलं. एकीचं लुगडं दुसरीला येतं तसं. पण हे त्या बाईला तिच्या आईबापानं ठेवलेलं आहे. तिचं म्हणून तेवढंच राहिलंय. ते मी कसं घेऊ? परवा पोरीनं हाक मारली, मी ओ दिली. दोन दिवस झोप नाही मला.’

‘अय्यो,’ गिरीराज म्हणाला. ‘मग हे नाव कुणाचं अण्णा?’ तिघेही माझ्याकडे पाहत होते. ‘शलाकाच्या आईचं,’ मी म्हणालो. इतक्या वर्षांनी ते वाक्य बाहेर पडलं, आणि पडलं ते हिच्यासमोर, या शब्दांत. दुसरे शब्द असतील, शोधले असते तर सापडले असते. हिनं पदर खांद्यावर सारखा केला. ‘हां,’ म्हणाली. ‘तेच लिहा.’

रघुजींनी शिक्क्यांची पेटी बंद केली. गिरीराजनं माझी सही असलेला कागद मधोमध फाडला आणि हिशेबी माणसासारखं बोलू लागला. पहिल्या अक्कांच्या मृत्यूचा दाखला लागेल. दोन्ही लग्नांचा पुरावा. नाव बदललं त्याचं वेगळं शपथपत्र. होसकोट्याला दोन-तीन खेपा. ‘स्वल्प लांबणार, अण्णा. मार्चचं विसरा.’ मला होसकोटे ऐकताना खांबावरचे पेरू दिसत होते. ‘शलाकाक्कांना माहीत आहे ना?’ मी मान हलवली. कुठल्या अर्थानं हलवली ते त्याला कळलं. त्यानं उगाच कळफलक पुसला. मग नवं पान काढलं. पडद्यावर ती उभी बारीक रेघ उघडझाप करू लागली. ‘बरं, आपण निदान सुरुवात तर करू. ह्या अक्कांचं लग्नाआधीचं नाव सांगा.’

मी तोंड उघडलं. मला ते माहीत आहे अशा खात्रीनं उघडलं. इतकी साधी गोष्ट. पुढचा शब्द येईल म्हणून मी थांबलो आणि तो आला नाही. तिच्या माहेरी तिला सगळे अक्का म्हणत. धाकटा भाऊ गुंडो, त्याची मुलं, अगदी तिची आईसुद्धा. आमच्याकडे आई शारदा म्हणे, शेजारीपाजारी अक्का, शलाका आई. मी तर नावानं कधी हाक मारलीच नाही. अगं, ऐकलंस का, यावर पस्तीस वर्षं भागलं. पत्रिका छापली नव्हती. जन्मटिपण आईनं पाहिलं, मी नाही. भटजींनी संकल्पात एकदा म्हटलं असणार, त्या देवळामागच्या खोलीत, धुरात. मी तिथं होतो. ऐकलं असणार. अ वरून होतं का? की पाण्याशी काही, कमळाशी, नदीशी? मी एकेक कप्पा ओढून पाहत होतो, सगळे कप्पे नीट होते, सगळीकडे माझं सुबक अक्षर, आणि आत पत्रक नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं. ती सांगेल असं मला वाटलं. ती सगळं सांगते. चष्मा कुठं आहे, गोळी कोणती, मी कुठलं पान वाचत होतो. आता ती हात मांडीवर ठेवून, जरीचा काठ बोटांखाली धरून, माझ्याकडे पाहत बसली होती. रागानं नाही. एखाद्या ठिकाणी आपली वस्तू ठेवलेली असावी आणि ती अजून आहे का एवढंच पाहायला यावं, तसं.

टेबलावर ठेवलेला माझा फोन थरथरू लागला. शलाका. सह्या झाल्या का, कुरियर आज जाईल का, विचारायला. तिचा तो जुना फोटो पडद्यावर आला, मागे हिचा अर्धा खांदा असलेला. ‘उचला,’ ही म्हणाली. ‘तिला सांगा सगळं. पण आधी ह्यांनी विचारलंय ते सांगा.’ फोन टेबलावरून हळूहळू कडेकडे सरकत होता. गिरीराजची बोटं कळांवर वाट पाहत होती. मी डोळे मिटले आणि ते ताम्हण आठवायचा प्रयत्न केला, पांढरे तांदूळ, अंगठीचा थंडपणा, वर वाकलेली डोकी. वाटलं, तिथं मागं, लिहिण्याच्या जरा आधी, ते नाव अजून असेल. माझं बोट धोतरावर, गुडघ्यापाशी, आपोआप चालू लागलं. ते मला जाणवलं तेव्हा मी डोळे उघडून पाहिलं. ही पण पाहत होती. बोट ‘शा’ काढून पुरं करत होतं, आणि ‘र’कडे वळत होतं.